कमलवहिनी आणि मागची मोठी चकती

कमलवहिनींना सायकल चालवता येत नव्हती. लहानपणी केदारखेड्याला भावाच्या सायकलवरून एकदा पडल्या, हनुवटीला टाके पडले, आणि वडिलांनी पुन्हा हँडलला हात लावू दिला नाही. सायकलशी त्यांचा संबंध तेवढाच. तरी आमच्या जालन्याच्या रविवारच्या सायकलवाल्यांच्या टोळीत गिअरवरून सगळ्यात जास्त भांडलेलं माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी वहिनींचंच नाव घेईन.

आम्ही एकाच कॉलनीत भिंतीला भिंत लावून राहायचो. त्यांच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती, ती त्या स्वतः चालवायच्या. सकाळी बघाव्यात तर भुवयांवर, पापण्यांवर, केसांवर पीठ. दुपारी आंघोळ करून बाहेर आल्या की दहा वर्षांनी लहान दिसायच्या. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे मोटर बंद असली तरी आवाज चढलेलाच. देवळात प्रसाद मागितला तरी चार घरांना ऐकू जायचं. कान मात्र विलक्षण. दळण टाकून त्या बायकांशी गप्पा मारत बसायच्या आणि मोटरचा आवाज जरा जड झाला की बोलणं न थांबवता हात वर जाऊन दाणे कमी करायचा. "पट्टा जळाला की मंग बोंबलून काय फायदा?" म्हणायच्या.

अंकुशदादा त्यांचे यजमान. बियाणांच्या कंपनीत होते, आठवडाभर परतूर, घनसावंगी भागातल्या शेतांवर फिरायचे. तरुणपणी कबड्डीचे खेळाडू, मांड्या अजून खांबासारख्या. एकदा घनसावंगीजवळ कपाशीच्या प्लॉटवर उभे असताना छातीत कळ आली. लोकांनी जीपमध्ये घालून आणलं. संभाजीनगरला नेऊन हृदयाच्या शिरांत दोन स्प्रिंगा टाकल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चाला, सायकल चालवा, काही हरकत नाही. पण दम लागेल इतकं करायचं नाही. करता करता बोलता आलं पाहिजे."

यातलं 'सायकल' एवढं दादांनी ऐकलं. 'बोलता आलं पाहिजे' एवढं वहिनींनी.

म्हाताऱ्यांसारखं मैदानाला फेऱ्या मारणं दादांना कमीपणाचं वाटायचं. पुण्याला बदली झालेल्या एका इंजिनिअर पोराकडून त्यांनी त्याची शर्यतीची सायकल घेतली. बारीक टायर, वाकडं हँडल, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. पण तिचे गिअर शर्यत खेळणाऱ्या पोरांचे होते. पायडलजवळची पुढची चकती मोठी, चाकाच्या मागच्या चकत्या लहान. सपाट रस्त्यावर अशी सायकल उडते. चढावर मात्र एकेक पायडल म्हणजे पोतं उचलल्यासारखं. दादांना तेच आवडायचं. "जड गिअर मारला की मर्दासारखं वाटतं," ते मला म्हणाले होते.

मी बँकेत कारकून, माझ्याकडे साधी गिअरची सायकल. रविवारी आम्ही दोघं राजूरच्या रस्त्याला लागायचो आणि आमच्या मागून वहिनींची स्कूटी. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना राजूरच्या गणपतीला जायचं असेल. पण त्या मागेच राहिल्या आणि पहिला चढ लागताच मागून आवाज आला, "अहो! गॅसचा नंबर लावला का?"

"लावला!" दादा ओरडले.

"आन् शीलाच्या सासूला फोन?"

"संध्याकाळी करतो!" शीला त्यांची मुलगी.

चढ वाढला. "आज भाजी काय आणायची?"

दादांनी नुसता हात हलवला.

"हात न्हाई, तोंड! तोंडानं बोला!"

रस्त्यानं दुधाच्या किटल्या घेऊन जाणारी माणसं मान वळवून बघत होती. दादांचे कान लाल झाले. उत्तर आलं नाही की वहिनी हॉर्न दाबून धरायच्या, दादा थांबेपर्यंत. दर रविवारी हेच. टोळीतले लोक हसायचे. कुणी त्या स्कूटीला 'वहिनींची अॅम्बुलन्स' म्हणायचं. वहिनी हसायच्या नाहीत. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात एक चपटी डबी असायची, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची. आंघोळीलासुद्धा ती खुंटीवर, हाताशी असायची.

पुढं टोळीनं अजिंठ्याचा घाट ठरवला. सायकली टेम्पोत घालून अजिंठा गावापर्यंत जायचं, घाट उतरून फर्दापूरला चहा प्यायचा आणि घाट चढून परत वर यायचं. दादांनी सगळ्यात आधी नाव दिलं. त्या संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आल्या, बसल्या नाहीत.

"भाऊजी, खरं सांगा. त्या घाटात ह्यांना बोलता येईल का?"

मी घाट बघितला होता. म्हटलं, "या गिअरवर नाही येणार. मलाही नाही येणार."

"मंग गिअर बदलता येतो का?"

"येतो. पुढची चकती लहान घालायची, मागची मोठी. पाय हलके फिरतात, पण सायकल हळू चालते."

"हळू चालली तर कोणाचं काय जातंय?"

दादा परतूरला दौऱ्यावर गेल्याचं बघून त्यांनी सायकल रिक्षात आडवी घातली, मला बरोबर घेतलं आणि फेरोजभाईंच्या दुकानात गेल्या. फेरोजभाई आम्हा सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी मागच्या चकत्यांचे दोन-तीन गठ्ठे काउंटरवर मांडले. वहिनींनी प्रत्येकातली सगळ्यात मोठी चकती नखानं दात मोजून पाहिली.

"याच्यापेक्षा मोठी?"

"भाभी, ये रेस की गाडी है. इसको इतनी बडी चकती शोभा नहीं देती."

"शोभेला न्हाई लावायची मला."

"इससे बडी लगाई तो पीछे चेन सरकानेवाला पूरा हात बदलना पडेगा. चेन भी. आगे का भी सब. खर्चा होगा."

"बदला. पण बराबर बसली पाहिजे. घाटात चेन पडली तर मी तुम्हालाच बोलावीन तिथं."

फेरोजभाईंनी सामान मागवून सगळं बसवलं. मागची शेवटची चकती आता पोळपाटाएवढी दिसत होती. पण वहिनींचं समाधान नव्हतं. त्यांनी मला त्या सायकलवर बसवलं, रेल्वेच्या उड्डाणपुलावर नेलं, आणि सगळ्यात हलक्या गिअरवर चढायला लावलं. मागून स्कूटी.

"सतराचा पाढा म्हणा, भाऊजी!"

मी बँकेतला माणूस, भर रस्त्यात सतराचा पाढा म्हणत पूल चढलो. सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणेपर्यंत वर पोचलो होतो. वहिनींनी स्कूटी थांबवली, पहिल्यांदाच चेहरा सैल झाला. "दमला न्हाईत तुम्ही. तुमच्यासारख्या माणसाला जमलं, म्हंजे ह्यांना जमन." यात माझं कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

दादा परत आले आणि सायकल बघून ओसरीतच उभे राहिले. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"कोणाला इचारून केलं हे? हा बायकांचा गिअर हाये! लोक हसतील मला. पायात ताकद हाये अजून माझ्या!"

"पायाचं कोन इचारलं तुम्हाला? पाय ठीकच हायेत. अटॅक पायाला आल्ता का?"

गिरणी सुरू झाली तेव्हा कळलं की बोलणं संपलं.

दादांनी अबोला धरला. जेवायचे, कामाला जायचे, सायकलकडं बघायचे नाहीत. घाटाचा रविवार जवळ आला तसे मवाळ झाले, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "जातो मी. पण त्या चकतीला हात लावणार न्हाई. बिलकुल न्हाई. तिच्या अलीकडच्या गिअरवर चढून दाखवतो." हे वहिनींना सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलं. त्या दळण पोत्यात भरत होत्या. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "हट्टी माणूस हाये. मी असन ना मागं," एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी टेम्पोत सायकलींबरोबर वहिनींनी स्कूटीही चढवायला लावली. अजिंठ्याला उतरलो, घाट उतरून फर्दापूरला चहा झाला. दादा चहा अर्धा टाकून उठले, टोळी निघाली.

घाटाची सुरुवात सोपी वाटते. मग रस्ता अरुंद होतो, एका बाजूला कातळ, एका बाजूला दगडी कठडा आणि खाली दरी. सीताफळीची झुडपं, कठड्यावर माकडं. पुढची पोरं लांब गेली. दादा, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं वहिनी. वहिनींचे प्रश्न सुरू झाले. विहिरीची मोटर, भाच्याचं लग्न, आदल्या दिवशीची आमटी. दादा उत्तरं देत होते, तुटक, पण देत होते. मला त्यांचं मागचं चाक दिसत होतं. चेन मधल्या चकत्यांवर होती. शेवटची मोठी चकती रिकामी फिरत होती.

"अहो, शीलाचं पार्सल कधी आल्तं?"

"परवा."

"आन् आत काय होतं?"

दादांनी मान हलवली.

"तोंडानं!"

"साडी... होती."

तेवढ्यात पुढं एका वळणावर मोठा कंटेनर अडकला. मागं पुढं करत होता, निघत नव्हता. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. कठड्याच्या कडेनं सायकल निघेल एवढी फट होती. दादांनी मागं बघितलं नाही. त्या फटीतून निघून गेले. वहिनींनी स्कूटी आत घालायला बघितली, ती बसेना. पुढं ट्रक, मागं एसटी.

"भाऊजी!" त्यांचा आवाज हॉर्नांच्या वर आला. "तुम्ही जा! बोलतं ठेवा त्यांना!"

मी फटीतून निघालो. वळण पार केलं तर दादा पुढं पायडलवर उभे राहून जोर मारत होते, सारं अंग डावीकडं उजवीकडं झुलत होतं. आता कुणी विचारणारं मागं नव्हतं. मी ओरडलो, "दादा, सावकाश! मोठी चकती घ्या!" त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. मी पाय मारत होतो, पण अंतर वाढत होतं. पुढचं वळण आलं आणि ते कातळाआड गेले.

कातळ ओलांडला तेव्हा दादा थांबले होते. एक पाय जमिनीवर, एक हात कठड्यावर. चेहरा राखेसारखा. घाम असा, की जणू अंगावर बादली ओतली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांना धरून कठड्याला टेकवून बसवलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोळी माझ्याकडं नाही, ती खाली, वहिनींच्या गळ्यात आहे.

मी खाली पळायला वळलो. त्यांना एकटं सोडावं की न सोडावं, पाय उचलेना. मोबाइल काढला, रेंज नव्हती. वरून एक मोटरसायकल आली. तिला हात करून थांबवलं, त्याला काही सांगणार, तोच खालून वहिनी आल्या. पळत. स्कूटी रस्त्यातच, किल्लीसकट सोडून, पदर कमरेला खोचून, चपला हातात. एवढा चढ त्या कशा पळत आल्या, देव जाणे. डबी आधीच उघडलेली होती.

"तोंड उघडा. जीभ वर."

गोळी ठेवली. त्यांच्याशेजारी रस्त्यावरच बसल्या, त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं.

"कुठं दुखून राह्यलं? हाताला येतंय का?"

दादांनी डावा हात जरासा उचलला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू... काही म्हणू नको."

"न्हाई म्हणत. श्वास घ्या."

मोटरसायकलवाल्यानं वर जाऊन एक जीप आणली. आम्ही दादांना आत ठेवत असताना वहिनींची नजर कठड्याजवळ पडलेल्या सायकलकडं गेली. चेन मधल्याच चकतीवर होती. शेवटची मोठी चकती नव्या भांड्यासारखी चकचकीत, पुलावरच्या माझ्या एका फेरीनंतर चेन तिला शिवलीच नव्हती. वहिनींनी क्षणभर बघितलं, जीपचं दार ओढलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "सिल्लोड. जल्दी, पण गचके न देता."

सिल्लोडहून संभाजीनगरला. आणखी एक शीर बंद होत आली होती. डॉक्टर म्हणाले, चढावर त्रास झाला म्हणून लवकर समजलं, नाहीतर घरी बसल्या बसल्या कधीतरी समजलं असतं, आणि तेव्हा कदाचित उशीर झाला असता. तिसरी स्प्रिंग पडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी वहिनींना म्हणालो, "आता ती सायकल विकून टाका."

त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. पाय सुजले होते, अनवाणी पळल्यामुळं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या बापाला असंच झाल्तं. आम्ही काय केलं? बाजेवर बसवलं. उठू न्हाई दिलं, शेतात न्हाई जाऊ दिलं, पाण्याचा तांब्या उचलू न्हाई दिला. रोज इचारायचो, बरं वाटतं का, बरं वाटतं का. वरीस न्हाई काढलं त्यांनी. भेऊन मेले, भाऊजी. आम्ही भेवडवलं त्यांना." नाक पुसलं. "मी मागून ओरडते ते ह्यांनी थांबावं म्हणून न्हाई. ह्यांनी चालवावी म्हणून ओरडते."

सायकल आणि स्कूटी फेरोजभाईंनी घाटातून आणवल्या होत्या. दादा घरी आले आणि त्यांनीच सांगितलं, विका. घाटातला हट्टी माणूस निघून गेला होता. जिना चढताना ते कठडा घट्ट धरायचे, रात्री छातीवर हात ठेवून झोपायचे. मुलगी, शीला, पुण्याहून फोनवर भांडली. मी तिथंच होतो, फोन स्पीकरवर होता. "आई, तुला वेड लागलंय का? बाबांना मारायचंय का तुला?"

वहिनींनी फोन स्वतःकडं ओढला. मग म्हणाल्या, "तू इथं न्हाईस, बाई," आणि फोन ठेवून गिरणी सुरू केली. त्या दिवशी कुणाचं दळण नव्हतं. मोटर रिकामीच फिरत होती.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा वहिनींनी दादांना कॉलेजच्या मैदानावर नेलं. दादा सायकलवर बसेनात. बसले तर पाय टेकवूनच राहिले. वहिनींनी आग्रह केला नाही. मैदानाच्या कडेला शेंगा फोडत बसल्या, शेंगा खात राहिल्या. शेवटी दादांनीच गिअरचा खटका दाबला. चेन एकेक चकती चढत शेवटच्या मोठीवर गेली. सपाट मैदानावर त्या गिअरचा काही उपयोग नव्हता. पाय मिक्सरसारखे गरगर फिरत होते आणि सायकल पायी चालणाऱ्याच्या वेगानं जात होती. क्रिकेट खेळणारी पोरं हसली. दादाही हसले, थोडेसे. वहिनींनी वर बघितलं नाही. शेंग फोडता फोडता बोटं मात्र टरफलांतच थांबली होती.

घाटातल्या त्या चेनबद्दल त्या दादांना कधीच बोलल्या नाहीत. भांडणात बोलायला ते फार सोपं होतं, आणि त्यांच्यात भांडणं पुष्कळ व्हायची. मला एकदाच म्हणाल्या, "त्यांना म्हाईत हाये. मला म्हाईत हाये. मंग बोलून कोणाला सांगायचं?"

पुढं माझी बदली परतूरला झाली. येणं-जाणं कमी झालं. त्यांची गिरणी बंद झाल्याचं कुणीतरी सांगितलं, मग ते दोघं केदारखेड्याला राहायला गेल्याचं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. बँकेच्या कामानं भोकरदनला चाललो होतो. राजूरच्या अलीकडच्या चढावर गर्दी नव्हती, ऊन तिरपं होतं. डाव्या कडेनं दादा चढत होते. खूप बारीक झाले होते. अगदी हलक्या गिअरवर, पाय भराभर, सायकल मुंगीच्या चालीनं. उसाचा एक ट्रॅक्टरवाला त्यांना ओलांडून गेला, मग साध्या सायकलवरचा एक दूधवालाही. दादांनी मान वळवली नाही. मी काच सरकवून हाक मारली, पण इंजिनच्या आवाजात ती गेली.

मागं स्कूटी नव्हती. मी खिडकीतून वाकून मागचा रस्ता शोधला.

चढाच्या माथ्यावर लिंबाखाली ती दिसली, स्टँडवर लावलेली. शेजारी वहिनी. केस पूर्ण पांढरे, आणि या वेळी ते पीठ नव्हतं. रस्त्याकडं पाठ करून उभ्या होत्या, समोरच्या मोकळ्या रानाकडं तोंड करून, जणू तिथं काही बघण्यासारखं होतं. एक हात स्कूटीच्या सीटवर होता. बस जवळून गेली तेव्हा दिसलं की ते सीट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ओठ मिटलेले होते. मी वळून बघत राहिलो, बस माथा ओलांडून खाली उतरेपर्यंत. त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.